मदत हवी आहे: केगमधून सोडा भरताना पाऊण ग्लास फेस, रविवारी हळद आहे

यंत्रमाग
टॅप उघडला की पाऊण ग्लास फेसच येतोय. दोन केग (दाबाखाली पेय भरून ठेवायच्या बंद टाक्या) आहेत, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नवा भरून आणलाय, गळती कुठेच नाही, साबणाचं पाणी लावून बघितलो. रविवारी बहिणीची हळद आहे, जुळे सोलापुरात घराच्या गच्चीवर, अडीचशे माणूस येणार. दाब कमी केला की मिळमिळीत लागतंय, वाढवला की फेस. काय चुकतंय लवकर सांगा, हातात चारच दिवस आहेत.

विजापूरवेस
मालक, घरी बिअर काढलाय का? आपल्याकडे परवान्याशिवाय बिअर बनवणं हा गुन्हा आहे. 1949चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, आणि त्यात घरच्यापुरती म्हणून सूट नाही. हळदीच्या कार्यक्रमात नसती भानगड नको, म्हणून आधी सांगतो.

यंत्रमाग
बिअर नाही ओ. आल्या-लिंबाचा सोडा आहे. आमच्या वडिलांची सोड्याची गाडी होती, गोटीच्या बाटल्यांची, बावीस वर्षं चालवली. त्यांच्याच हातचा पाक घालून करायलोय. केग फक्त भरायला घेतलेत. फेसाचं सांगा.

गावाबाहेर
मी मूळचा सोलापूरचाच, अशोक चौकातला. आता अमेरिकेत असतो आणि गेली नऊ वर्षं घरी बिअर करून केगमधूनच पाजतो. (इथे 1978 साली कायदा बदलला, घरच्या वापराला चालतं.) बिअरचं गणित पक्कं आहे: केग 4 अंशांवर, दाब 12 पीएसआय (दाबाचं माप), आणि आतून 5 मिलिमीटरची नळी कमीत कमी 10 फूट. तुम्ही नेमका दाब किती ठेवलाय? नळी किती लांब, आतून किती रुंद? केगमधला सोडा किती थंड? हे कळल्याशिवाय कोणीही सांगितलेला उपाय अंदाजपंचेच असणार.

चादरवाला
थंडाव्याला एवढा खटाटोप कशाला? ओला सोलापुरी टॉवेल केगला दोन वेढे गुंडाळा, वर पाणी शिंपडत राहा. आपल्या कोरड्या हवेत माठासारखं काम होतं. आमच्याकडे पाण्याच्या कॅनला हेच करतात, उन्हाळाभर.

होटगीरोड
@चादरवाला, पाणी प्यायला ते ठीक. पण दुपारी 42 अंश असताना ओल्या कापडाने फार तर पंचविशीच्या आसपास येईल. त्या तापमानाला सोड्यात गॅस 4 अंशांच्या तुलनेत साधारण निम्माच मुरतो. उरलेला टॅपमधून फेस होऊनच बाहेर येणार. बर्फाला पर्याय नाही.

चादरवाला
मी फेसाचं नाही, थंड ठेवायचं बोललो. टॉवेलाने बर्फ तरी जास्त टिकेल की नाही? टबावर टाका मग.

यंत्रमाग
दाब 30. नळी चार फूट, हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक, आतून 8 मिलिमीटर असेल. केग तासभर बर्फात ठेवलो होतो, हाताला गार लागत होता.

गावाबाहेर
सापडलं. 30 दाबाला चार फूट आणि तीही 8 मिलिमीटरची नळी, म्हणजे आडकाठीच नाही. टॅपच्या तोंडाशी सोडा एकदम मोकळा होतो आणि गॅस सुटतो. नळी बारीक आणि लांब असली की दाब वाटेतच घासून कमी होत जातो, ग्लासात येईपर्यंत सोडा शांत झालेला असतो. सोड्याला बिअरपेक्षा गॅस जास्त लागतो, म्हणून 12 वर आणू नका. थंड केगला 25 ठेवा आणि नळी 20 फूट करा.

शेंगाचटणी
दाब कमी करून चालतं. एक दिवसाचाच कार्यक्रम आहे ना? आधी 25-30 वर दोन दिवस मुरू द्या, रविवारी वाढायच्या वेळी सिलिंडर बंद करा, केगवरची वाफेची कडी ओढून वरचा गॅस सोडा आणि 8 वर लावा. तीन तासांत सोडा बसत नाही. आम्ही कोम्बुचा (आंबवलेला चहा) असाच वाढतो.

गावाबाहेर
@शेंगाचटणी, कोम्बुचात गॅस कमी असतो. सोडा 25 वर मुरलेला आणि वर दाब फक्त 8, तर नळीतच बुडबुडे सुटतात आणि मग फेस आणखी वाढतो. त्यांना हाच तर त्रास होतोय.

शेंगाचटणी
माझ्याकडे होत नाही. मी अनुभवाचं सांगितलं, पुढे त्यांची मर्जी.

होटगीरोड
यंत्रमाग, 20 फूट बारीक नळी सोलापुरात कुठे शोधणार? पाण्याच्या आरओ फिल्टरला जोडतात ती पाव इंची पांढरी नळी घ्या. आतून चारेक मिलिमीटर असते, खाण्यापिण्याला चालते, दाबही सोसते, आणि फिल्टर दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळते. सहा मीटर घ्या, वेटोळं करून त्याच बर्फाच्या टबात ठेवा.

एसी_दुरुस्ती
आरओची नळी कशाला? माझ्याकडे एसीचा तांब्याचा पाइप पडलेला असतो. त्याची कॉइल करून बर्फात ठेवली तर प्लास्टिकपेक्षा कितीतरी लवकर गार करते. फुकट देतो, अक्कलकोट रोडला या.

होटगीरोड
कृपा करून हे करू नका. सोडा आधीच आंबट, त्यात लिंबू. तांबं त्यात विरघळतं. अडीचशे माणसांना उलट्या झाल्या तर काय कराल? हळदीत म्हातारीकोतारी असणार, लहान पोरं असणार. कॉइल हवी असेल तर स्टीलची. नाहीतर प्लास्टिकच बरं.

एसी_दुरुस्ती
पाणी तांब्याच्या भांड्यातून पितातच की लोक.

होटगीरोड
पाणी पितात, ताक कोणी ठेवत नाही. आंबट पदार्थाला कल्हई का करायचे, ते घरच्या मोठ्या माणसांना विचारा.

सिद्धेश्वर_पेठ
विषयाशी संबंध थोडा लांबचा, पण गोटीची बाटली वाचून राहवलं नाही. ती बाटली इंग्लंडच्या हायरम कॉडची, 1872चं पेटंट. आतल्या गॅसनेच गोटी वर ढकलली जाऊन तोंड बंद होतं, वेगळं बूच लागत नाही. आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत लहानपणी सोडा प्यायचा तो त्या फटकन् आवाजासाठी. यंत्रमाग, वडिलांच्या बाटल्या असतील तर जपून ठेवा, मोडीत घालू नका.

यंत्रमाग
बाटल्या आहेत, एक क्रेट. विकणार नाही.
नळी आज आणतो. पण एक सांगा, पाण्याच्या सोड्यात फेस नव्हता हो. पाक घातल्यापासून सुरू झालाय.

होटगीरोड
हे आधी सांगायचं ना! पाक गाळलाय का? आल्याचा चोथा आत असेल तर त्या प्रत्येक कणावर गॅस सुटतो.

यंत्रमाग
आल्याचा रस चहाच्या गाळणीने गाळलो. मीठ वेगळं. ग्लासात आधी काळं मीठ, लिंबाची फोड, मग वरून सोडा. वडील असंच द्यायचे.

गावाबाहेर
मीठ ग्लासाच्या तळाला? अर्धा फेस तर तिथेच आहे. कोरड्या मिठाच्या दाण्यावर सोडा पडला की उसळतोच. मीठ पाकातच विरघळवा आणि पाक मलमलच्या दुहेरी कापडातून गाळा.

होटगीरोड
आणखी दोन गोष्टी. तासभर बर्फात ठेवून केग गार होत नाही, फक्त पत्रा गार होतो. 19 लिटर सोडा 30 अंशांवरून 4 वर आणायला नुसत्या हिशोबाने सहा-सात किलो बर्फ वितळतो, उन्हात त्याहून जास्त. शनिवारी रात्रीच फ्रिजमध्ये किंवा टबात ठेवा, आणि बर्फात पाणी घाला, नुसता बर्फ सगळीकडून टेकत नाही.
दुसरं, सिलिंडर गच्चीवर उन्हात ठेवू नका. 31 अंशांच्या वर आतला कार्बन डायऑक्साइड द्रव राहत नाही आणि दाब झपाट्याने चढतो. सावलीत, उभा, बांधून ठेवा. आग विझवायच्या सिलिंडरमधला गॅस वापरू नका, खाण्याच्या दर्जाचाच घ्या.

विजापूरवेस
अडीचशे माणसांना 38 लिटर पुरेल का? 200 मिलीचा ग्लास धरला तर 190च होतात.

यंत्रमाग
बायका-पोरं अर्धाच ग्लास घेतील. तिसरा केग मित्राकडून बघतो.

यंत्रमाग (शनिवार, रात्री)
सहा मीटर आरओची नळी, वेटोळं बर्फात. दाब 25. मीठ पाकात, पाक मलमलने गाळला. केग काल रात्रीपासून गार. आता ग्लासात दोन बोटं फेस, तोही लगेच बसतो. वडिलांना दिला, पूर्ण प्यायले आणि म्हणाले, आलं अजून एक मूठ पाहिजे. घातलो. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. फक्त पहिला ग्लास अजून फेसाळतोय, मधे थांबलं की पुन्हा तेच.

गावाबाहेर
टॅप आणि बर्फाबाहेरचा नळीचा तुकडा तापतो म्हणून. बाहेरचा तुकडा वीतभरच ठेवा आणि टॅपवर ओला टॉवेल गुंडाळा, इथे चादरवाल्यांचं बरोबर आहे. पहिला अर्धा ग्लास वेगळ्या भांड्यात काढून मग सलग दहा-बारा भरा. एकेक करत बसू नका.

चादरवाला
टॉवेल नवा घेतलात तर आधी दोनदा धुवा, रंग जातो.