मदत हवी आहे: वाळूच्या साच्यात पातळ पट्टी पूर्ण भरतच नाही

पत्र्याचा_डबा:
नमस्कार मंडळी. आजोबांचं सागवानी कपाट आहे, सहा खणांचं. प्रत्येक खणाच्या किल्लीच्या भोकाभोवती वेलबुट्टीची पितळी पट्टी होती. चार उरल्यात, दोन गायब. जुन्या बाजारात खूप हिंडलो, पण तशी नक्षी कुठे मिळाली नाही. मग डोक्यात किडा वळवळला, की उरलेल्यांपैकी एक वाळूत दाबायची आणि घरीच ओतायची.

पट्टी ७० मिमी लांब, ४५ मिमी रुंद. जाडी २ मिमी, कडेला जेमतेम दीड. मागून सपाट, नक्षी पुढच्या बाजूला.

वाळू बांधकामाची उरलेली, मैद्याच्या चाळणीने दोनदा चाळलेली. त्यात अर्थिंगच्या खड्ड्यात घालतात तो बेंटोनाइट, वजनाने दहास एक. पाणी अंदाजाने. मुठीत आवळली की लाडू होतो आणि मोडला की स्वच्छ दोन तुकडे होतात. साच्याच्या पेट्या म्हणजे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याचे कापलेले दोन भाग. भट्टी म्हणजे आतून फायरक्ले लिंपलेली बादली, लाकडी कोळसा आणि आईचा हेअर ड्रायर (तिला अजून माहीत नाही).

पितळाच्या आधी हात बसावा म्हणून ॲल्युमिनियम घेतलं. चार प्रयत्न झाले. पहिल्यात अर्धचंद्र आला. दुसऱ्यात कसंबसं टोकापर्यंत पोचलं, पण कडा साबणाच्या वापरलेल्या वडीसारख्या गोल आणि नक्षी बोथट. तिसऱ्यात मधोमध भोकं. चौथ्यात शहाणपणा करून दोन्ही टोकांनी ओतलं, तर मध्ये केसासारखी शिवण दिसली आणि हाताने वाकवल्यावर तिथेच काडकन मोडली.

मला वाटतं वाळू जाड पडतेय. तेलात मळलेली तयार वाळू मागवावी का? महाग आहे, म्हणून आधी विचारतो.

कोळशाचा_बाजार:
हेअर ड्रायर शहीद होणार हे नक्की. बाकी वाचतोय, मलाही असंच एक काम आहे.

मूसवाला:
वाळूचे पैसे खिशातच ठेवा. जाड वाळूने पृष्ठभाग खरखरीत येतो, पट्टी अर्धी राहत नाही. आधी चार गोष्टी सांगा. वरच्या पेटीची उंची किती? ॲल्युमिनियम कुठलं? रस, म्हणजे वितळलेला धातू, आत शिरायची वाट कुठून आणि केवढी? ओतताना थांबता का?

पत्र्याचा_डबा:
काका, वरची पेटी साडेतीन सेंटीमीटर. ॲल्युमिनियम स्लायडिंग खिडकीच्या सेक्शनचं. वाट एका टोकाकडून, पेन्सिलीएवढी. आणि हो, थांबतो. खरं सांगायचं तर भीती वाटते, म्हणून बारीक धारेने ओततो.

मूसवाला:
मग सगळंच सापडलं. मी कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फाउंड्रीत मोल्डिंगवर, म्हणजे साचे करण्याच्या कामावर, बावीस वर्षं काढली. आमच्याकडे असल्या अर्धवट मालाला मिसरन म्हणतात, तुमच्या शिवणीला कोल्ड शट. दोन्हीचं मूळ एकच, रस पोचायच्या आत गोठतो.

पातळपणाची खोड अशी, की जाडी निम्मी केली तर गोठायला लागणारा वेळ निम्मा होत नाही, पाव होतो. ४ मिमीच्या पट्टीला जेवढा अवधी मिळतो त्याचा चौथा हिस्सा २ मिमीच्या पट्टीला. तुम्ही भीत भीत धार सोडता तेवढ्यात तिचा कारभार आटोपलेला असतो. दोन्ही टोकांनी ओतलंत तेव्हा दोन रस मध्ये भेटले, पण भेटेपर्यंत दोघांच्याही तोंडावर साय धरली होती. साय सायीला चिकटत नाही.

आता उंची. वितळलेला धातू वाळूला भिजवत नाही. अळवाच्या पानावरचं पाणी आठवा, फटीच्या तोंडाशी तसाच गोळा होऊन थांबतो. त्याला ढकलायला वरून वजन लागतं. दीड मिलिमीटरच्या फटीत ॲल्युमिनियम घुसवायला ढोबळ हिशेबाने ५ सेंटीमीटर उंच रस डोक्यावर उभा पाहिजे. तुमचा साडेतीन! दुसऱ्या वेळी भरलं ते ओतण्याच्या झोकावर, आणि कोपऱ्यात शिरायला जोर उरला नाही म्हणून कडा गोल. वरची पेटी निदान १० सेंटीमीटर करा. पितळ ॲल्युमिनियमपेक्षा तिपटीहून थोडं जास्तच जड, त्यामुळे तेवढ्याच उंचीत ते जास्त दाबून भरतं. म्हणजे सरावाला तुम्ही अवघड धातू निवडलात.

त्यातही खिडकीचा सेक्शन. त्यात सिलिकॉन नावापुरतं, एक टक्क्याच्याही खाली. तो माल दाबून सेक्शन काढायला बनवलेला असतो, ओतायला नाही. गॅरेजमधून जुने पिस्टन आणा, त्यात १२ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असतं आणि रस पाण्यासारखा पळतो. पिस्टनची पिन आणि रिंगा आधी काढा, त्या लोखंडी.

वाट टोकाकडून नको, ७० मिमीच्या लांब बाजूने पूर्ण द्या. वाळूत एक जाडसर नाली खणायची आणि तिच्यापासून पट्टीपर्यंत सुरीच्या पात्यासारखी पातळ वाट ठेवायची. मग रसाला ७० ऐवजी ४५ मिमीच जायचं असतं. पेटीच्या एका बाजूखाली अर्धी वीट सरकवा, म्हणजे वाट खाली आणि लांबची कड वर राहील. हवा वर पळेल, रस मागून चढेल. त्या वरच्या कडेपासून सायकलच्या स्पोकने पाच-सहा भोकं वरपर्यंत काढा.

आणि धार अखंड. थांबलात की संपलं.

सोनसाखळी:
मी रत्नागिरीची, घरचा सोनारीचा धंदा. काकांनी सांगितलं ते बरोबरच, पण एक आमच्याकडची गोष्ट सांगते. साचा उघडा असताना रॉकेलची चिमणी धूर सोडेल अशी पेटवून नक्षीवर काजळी धरा. मखमलीसारखा पातळ थर बसू दे, बोट लावू नका. काजळी उष्णता रोखून धरते आणि रसाला थोडा वेळ मिळतो. नमुना सुटायला शंखजिऱ्याची पूड कापडातून झटका, पण नक्षीच्या खाचेत ती साठली तर नक्षीच बुजते. फुंकर मारा.

आणि नमुना म्हणून खरी पट्टीच वापरताय ना? मग नवी पट्टी लहान येणार. ॲल्युमिनियम गोठून थंड होताना सव्वा टक्क्याच्या आसपास आटतं, पितळ थोडं जास्तच. ७० मिमीत जवळजवळ १ मिमी. स्क्रूची भोकं जुळायची नाहीत, ती मेणाने बुजवा आणि मागाहून ड्रिल करा.

बारीक दागिना असता तर वाळूची कटकटच नको म्हटलं असतं. आमच्या किनाऱ्यावर समुद्रफेस वाहून येतो, तो दोन भागांत कापून घासायचा, मध्ये नमुना दाबायचा आणि चांदी ओतायची. एका साच्यात एकच नग, पण काय सुंदर रेषा उमटतात. तुमच्या पट्टीएवढा रुंद तुकडा मात्र मिळणं कठीण.

चौकट_राजा:
एवढा उपद्व्याप कशासाठी? २ मिमीचा पितळी पत्रा घ्या, सोनारी करवतीने आकार कापा, कानशीने कडा मारा. एका रविवारचं काम.

पत्र्याचा_डबा:
चौकटराजे, नुसता आकार असता तर तेच केलं असतं. वेलीची पानं उठावाची आहेत, देठाशी वर आलेली. पत्र्यावर ती कोरायला माझा हात तेवढा नाही.

चौकट_राजा:
उठाव आहे होय. मग ओताच. जमलं तर मलाही एक दार-कडी हवी आहे 😀

मूसवाला:
सोनसाखळी ताईंची काजळी लाख मोलाची. एक राहिलं. पट्टी आहे तेवढ्याच जाडीची ओतायचा हट्ट सोडा. मागची बाजू सपाट आहे ना, तिथे त्याच आकाराचा दीड मिमीचा पुठ्ठा चिकटवा, वर लॅकरचा हात द्या. साडेतीन मिमीची सहज भरेल. जादा जाडी मागून कानशीने उतरवा, किंवा सुताराला खणाच्या फळीत तेवढी खाच मारायला सांगा. जुने ओतारीही जाड ओतून घासत असणार, कुणाला दिसतंय.

वरची पेटी उंच केलीत की तिच्यावर दोन विटा ठेवा. एवढ्याशा पट्टीवर १० सेंटीमीटरचा ॲल्युमिनियमचा रस वरच्या साच्याला पाऊण किलोच्या जोराने उचलतो, पितळ अडीच किलोच्या. पेटी उचलली तर फटीतून रस बाहेर, तोही तुमच्या पायाकडे.

ताई_आहे_मी:
पायाचा विषय निघालाच आहे तर. तुम्ही कशावर उभे राहून ओतता? फरशीवर किंवा काँक्रीटवर असाल तर आधी तो कार्यक्रम बंद करा. काँक्रीटमध्ये ओलावा मुरलेला असतो, त्यावर वितळलेला धातू सांडला की वाफ होऊन कपच्या उडतात. खाली कोरड्या वाळूचा चार बोटं थर हवा. माझ्या भावाने गार चमचा मळी काढायला तसाच रसात बुडवला होता, त्यावर डोळ्याला दिसत नाही एवढं दव. फट् आवाज आला आणि थेंब छतापर्यंत गेले. चष्मा होता म्हणून निभावलं. हत्यारं आणि भंगाराचे तुकडे भट्टीच्या काठावर तापवूनच आत घालायचे. चामड्याचे बूट, सुती पँट बुटांच्या बाहेरून. टेरिकॉट नको, ते वितळून कातडीला चिकटतं. पाण्याची बादली जवळ ठेवू नका, कोरडी वाळू ठेवा.

आणि साच्याची वाळू "अंदाजाने" भिजवू नका. तिसऱ्या वेळची भोकं बहुतेक त्याचीच.

मूसवाला:
ताई, अगदी. वजनाने ३ ते ४ टक्के पाणी बास. किलोभर वाळूला ३५ मिली घ्या, रात्रभर झाकून ठेवा, सकाळी पुन्हा चाळा. लाडू मोडल्यावर तळहाताला ओल लागली तर पाणी जास्त झालं. पुढे कधी वाळू घ्यायचीच झाली तर तेलाच्या आधी साधी बारीक सिलिका बघा. सिंधुदुर्गात कासार्ड्याकडे तिच्या खाणी आहेत. गोल, एकसारखा दाणा, नदीच्या वाळूसारखा टोकेरी नाही.

डबेवाले, वितळवता कशात?

पत्र्याचा_डबा:
स्टीलच्या जुन्या पेल्यात.

मूसवाला:
अरे देवा. ॲल्युमिनियम लोखंड खातं. एक दिवस उचलताना त्याचा तळ खाली राहील आणि पेला तुमच्या हातात. सोनारी सामानाच्या दुकानात ग्राफाइटची किलोभराची मूस, म्हणजे धातू वितळवायचं भांडं, मिळते. नवी असताना हळूहळू तापवून आतली ओल काढा, मगच माल. आणि तिच्या पोटाला धरेल असा चिमटा करून घ्या, काठाला पकडून उचलायची नाही.

पत्र्याचा_डबा:
सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी परत आलोय.

पिस्टन मिळाले, मूस आणली. वरची पेटी तेलाच्या चौकोनी डब्यातून कापली, बरोबर १० सेंटीमीटर. मागे पुठ्ठा, लांब बाजूने सुरीवाट, अर्ध्या विटेचा कल, काजळी, वर दोन विटा. अंगणात वाळू पसरली. श्वास धरून एका दमात ओतलं. स्पोकच्या भोकांतून वर चकचकीत मणी आले तेव्हा ओरडलोच.

पट्टी पूर्ण भरली! पानाच्या शिरा दिसतात. जुन्या पट्टीवर एका पानाला कुणाची तरी कानस निसटल्याचा बारीक ओरखडा होता, तोसुद्धा नवीवर आलाय. लांबी ६९.१ भरली, ताई म्हणाल्या तसंच. फक्त एक खोट आहे. जिथून वाट शिरते त्या कडेला मधोमध नखाएवढा खळगा पडलाय. दुसऱ्यांदा ओतली तरी तिथेच.

मूसवाला:
वा! खळगा आटण्याचा आहे. वाट जिथे मिळते तिथे सर्वांत शेवटी गोठतंय आणि मागच्या नालीत त्याला पुरवायला रस उरलेला नाही. नाली किती जाड आहे?

पत्र्याचा_डबा:
करंगळीएवढी. वाट मात्र सुरीपेक्षा जाड झाली, तीनेक मिमी.

मूसवाला:
उलटं करा. नाली अंगठ्याएवढी, वाट दीड मिमी. नाली शेवटी गोठली पाहिजे, खळगा तिच्यात पडू दे. तोडायलाही सोपं जाईल.

पितळाला जाल तेव्हा उघड्यावरच, वारा पाठीकडून येईल असे उभे राहा. जस्त ९०७ अंशांनाच उकळतं आणि पितळ वितळतंच त्या सुमाराला, त्यामुळे पांढरा धूर येणारच. तो छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. आमच्याकडे जुने लोक त्यावर दूध प्यायचे. दुधाने काही होत नाही, धुरात उभं न राहणं हाच उपाय. रसावर काचेचा चुरा आणि चिमूटभर टाकणखार टाका, झाकण बसतं आणि जस्त कमी उडतं. जुन्या नळांचं पितळ घेऊ नका, त्यात बऱ्याचदा शिसं असतं.

पत्र्याचा_डबा:
नाली अंगठ्याएवढी केली, खळगा गेला. पितळ आता दिवाळीनंतर, वाळू आणि अंगण दोन्ही कोरडं झालं की.

हेअर ड्रायरचं आईला कळलं. केसांना कोळशाचा वास येतो म्हणाली. तोवर छोटा ब्लोअर कुठला घ्यावा, कुणी सांगेल का?