मदत हवी आहे: ओमेगा सेंटॉरीच्या कडेला तारे इतके वेगात का?

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याचा, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करतोय. गोलाकार तारकागुच्छांत कृष्णद्रव्य (न दिसणारं, फक्त गुरुत्वाने जाणवणारं द्रव्य) सापडतं का, हा प्रकल्पाचा विषय. आलेखापाशी येऊन अडलोय.

गुच्छ निवडला तो नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी, सुमारे १७ हजार प्रकाशवर्षं दूर. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दक्षिणेला साधारण २७ अंश वर येतो. काणकोणच्या किनाऱ्यावरून द्विनेत्रीतून मस्त दिसतो, पणजीच्या उजेडात मात्र नाद सोडा. एरवी अशा गुच्छांत ताऱ्यांच्या वेगावरून काढलेलं वस्तुमान आणि दिसणारे तारे यांचा हिशोब जुळतो, कृष्णद्रव्य लागतच नाही. पण हा बहुधा आकाशगंगेने गिळलेल्या एका बटुदीर्घिकेचा, म्हणजे छोट्या दीर्घिकेचा, गाभा आहे, आणि बटुदीर्घिकांत कृष्णद्रव्य ठासून भरलेलं असतं. मग थोडं तरी उरलं असेल ना?

गॅमा किरणांचा नाद मी सोडला. फर्मी उपग्रहाला इथून ते मिळाले तेव्हा कृष्णद्रव्याचं नाव निघालं होतं, पण २०२० मध्ये पार्क्स रेडिओ दुर्बिणीने इथेच पाच ‘मिलिसेकंद पल्सार’ (प्रचंड वेगात स्वतःभोवती फिरणारे न्यूट्रॉन तारे) शोधले, आणि तेही तसेच किरण सोडतात. मध्यभागही नको. हबलच्या जुन्या चित्रांतून तिथे ७ अतिवेगवान तारे सापडलेत आणि किमान ८,२०० सूर्यांएवढ्या कृष्णविवराचा दावा २०२४ मध्ये झालाय. शिवाय श्वेतबटू, न्यूट्रॉन तारे असा सगळा जड गाळ मध्येच बसतो.

म्हणून कडेला गेलो. गाया उपग्रहाने मोजलेल्या निजगती (ताऱ्यांचं आकाशातलं कोनीय सरकणं) घेतल्या, अंतराने गुणून वेग काढले. केंद्रापासून २० कलांच्या (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) पुढे वेगांचा विस्तार, म्हणजे वेग सरासरीभोवती किती पसरलेत ते, उतरायचा थांबतो, सेकंदाला ८ किमीच्या आसपास सपाट. हे कृष्णद्रव्य, आकाशगंगेची ओढ, की मध्ये घुसलेले परके तारे? वेगळं कसं करायचं? आमच्या सरांचा विषय घन अवस्था, त्यांना किती पिडणार.

आगाऊ देव बरें करूं.

प्रतिसाद १

आधी परके तारे हाकला. गुच्छाची सरासरी निजगती वर्षाला पूर्वेकडे उणे ३.२५ आणि उत्तरेकडे उणे ६.७५ मिलिविकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग, मिलिविकला त्याचा हजारावा) आहे. तिच्या जवळपासचेच ठेवा. मग मापनातल्या त्रुटीचा वर्ग विस्ताराच्या वर्गातून वजा करा, अंधुक ताऱ्यांना तिथेच फुगवटा येतो.

तरीही सपाट राहिलं तर आधी संशय आकाशगंगेच्या ओढीवर घ्या. या गुच्छातून ओढल्या गेलेल्या ताऱ्यांची शेपटी गायाच्या माहितीतूनच २०१९ मध्ये ओळखली गेली, म्हणजे कडेचे तारे निसटताहेत. भोवती कृष्णद्रव्याचं जाड वेष्टण असतं तर इतक्या सहज निसटले नसते. ताळ्यासाठी एनजीसी २४१९ या दुसऱ्या गोलाकार गुच्छाबद्दल वाचा. तो सुमारे ३ लाख प्रकाशवर्षांवर आहे, ओढ नगण्य, आणि केक दुर्बिणीने मोजलेल्या वेगांना तिथेही कृष्णद्रव्य लागलं नाही.

रंग-तेजस्विता आलेखावरून तारे गाळलेत का? तो आलेख इथे टाका, बघू.