पवित्र गुरुवारी बारा जणांचे पाय धुणं: सेवा की सेवेचा देखावा?

कॅम्प_बेळगाव
पवित्र गुरुवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारच्या, मिस्सात (कॅथलिक उपासनेत) पाय धुण्याचा विधी बहुतेक ठिकाणी कसा होतो ते आपल्याला माहीत आहे. बारा नावं आधीच ठरतात. ती माणसं घरून पाय घासून, नखं कापून येतात. फादर प्रत्येकाच्या पायावर थोडं पाणी सोडतात, टॉवेलानं टिपतात आणि दहा मिनिटांत सगळं आटोपतं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायात प्रभू येशू अंगावरचं वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओतून शिष्यांचे धुळीनं भरलेले पाय धुतो. ते घरातल्या गुलामाचं काम होतं.

हा विधी मिस्सात सक्तीचा नाही, ऐच्छिक आहे. म्हणून माझी सूचना अशी की एखाद्या वर्षी तो वेदीपुढून उचलून कुष्ठवसाहतीत न्यावा. तिथल्या पायांना खरोखरच पाण्याची गरज आहे. पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांनीही हे काम म्हणूनच घेतलं होतं. बायबलमधल्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात विधवेचं नाव मंडळीच्या यादीत घालायच्या अटी आहेत: मुलं वाढवली, पाहुणचार केला, अडलेल्यांना मदत केली, पवित्र जनांचे पाय धुतले. ही हातांनी करायच्या कामांची यादी आहे.

मलप्रभाकाठ
दादा, मान्य नाही. पोप पायस बारावे यांनी 1955 च्या सुधारणेत हा विधी संध्याकाळच्या मिस्सात आणला, तो सगळ्या लोकांसमोर व्हावा म्हणूनच. वर्षातून एकदा फादरनी सर्वांच्या देखत गुडघे टेकायचे, यात मोठी शिकवण आहे. ती काढून घेतली तर खानापूरच्या खेड्यातल्या पोरांना योहान 13 दिसणार कुठे?

खोट निवडीत आहे, ती सुधारा. 6 जानेवारी 2016 च्या आदेशानं पोप फ्रान्सिस यांनी 'फक्त पुरुष' ही अट काढली. आता झाडूवाली मावशी, घरकाम करणारी बाई, अंथरुणाला खिळलेल्याची चाकरी करणारी सून, कोणालाही बसवता येतं. तरीही समितीतलीच बारा माणसं बसत असतील तर तो दोष विधीच्या माथी कशाला?

शिवाय मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 6 वा अध्याय वाचा. दानधर्म करताना उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, असं प्रभू सांगतो. अख्खी मंडळी बस करून वसाहतीत नेली, तर कोणत्या हाताला कळायचं राहील?

परिचारिका_निपाणी
वाद चालू द्या, पण वसाहतीत जायचंच असेल तर आधी पाय समजून घ्या. नाहीतर सेवेच्या नावाखाली इजा कराल.

तिथली बहुतेक माणसं बरी झालेली आहेत. कुष्ठरोगावरचा बहुविध औषधोपचार (अनेक औषधं एकत्र) 6 किंवा 12 महिन्यांचा असतो आणि तो सुरू झाल्यावर संसर्ग लवकरच थांबतो. मागे राहतो तो मज्जातंतूंचा बिघाड. पाय बधिर होतो. घामाचे तंतूही गेलेले असतात, त्यामुळे कातडी कोरडी पडून भेगाळते. बोटं रोगानं झडत नाहीत, न कळलेल्या जखमा चिघळून ती झिजतात, हे वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं.

आता चुका सांगते. पहिली आणि सगळ्यात वाईट म्हणजे गरम पाणी. मान द्यायचा म्हणून लोक पाणी तापवतात. समोरच्याला भाजलेलं कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी तळव्याला फोड दिसतात. आपल्याकडे वसाहतीत अथणी, गोकाककडची कन्नड बोलणारी माणसंही असतात. तुम्ही मराठीत 'दुखतंय का?' विचारा की कन्नडमध्ये 'नोव ऐतेनु?', उत्तर 'नाही'च येणार, कारण त्या पायाला दुखणं कळतच नाही. पाणी साधं हवं आणि कोपर बुडवून तुम्हीच बघायचं.

घोट्यापर्यंत पाय बुडेल असं घमेलं घ्या, 20 मिनिटं ठेवा. जाड झालेली कातडी गुळगुळीत दगडानं हलकेच घासा. पत्र्याची खरखरीत वजरी नको, ब्लेड तर मुळीच नको. बोटांच्या बेचक्या सुती कापडानं टिपा. बाकी पाय ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलिन लावा, म्हणजे मुरलेलं पाणी आत राहतं. बेचक्यांत तेल नको. मग चपलेत हात घालून खिळा, बाभळीचा काटा, खडा आहे का बघा. उघडी जखम, सूज, घाण वास असेल तर हात न लावता दवाखान्यात पाठवा. आणि हेच साखरेच्या रुग्णावर करू नका. त्या पायाला इतका वेळ भिजवणं चालत नाही.

मुख्य अडचण वेगळीच आहे. हे रोज करावं लागतं. गुरुवारी भिजवलेली कातडी एक-दोन दिवसांत पुन्हा कोरडी होते. वर्षातून एकदा जाणार असाल तर त्या पायाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

हिरण्यकेशी
ताईंनी त्या पायाचं सांगितलं, मला त्या पायाच्या माणसाबद्दल बोलायचंय. प्रभू पाय धुवायला आला तेव्हा शिष्य पेत्र म्हणाला होता, 'माझे पाय तू कधीही धुणार नाहीस.' त्याला नकार देता आला आणि प्रभूनं त्याच्याशी बोलून त्याला समजावलं. वसाहतीतल्या आजोबांना तो नकार देता येईल का? तीस माणसं मोबाईल काढून उभी असताना, पुढच्या महिन्याचं धान्यही याच लोकांकडून यायचं असताना? नकार द्यायची सोय नसेल तर ती सेवा घेणाऱ्याच्या डोक्यावर बसते. इथे देणाऱ्याचं मन किती शुद्ध आहे याला मी दुसरं स्थान देईन.

प्रभू 'एकमेकांचे पाय धुवा' म्हणाला. आपण मात्र दरवेळी धुणाऱ्याच्याच जागेवर बसतो. आणि त्या रात्री प्रभूला धरून देणारा यहूदाही तिथेच होता, त्याचे पायही धुतले गेले. त्याच्याकडून परत काय मिळणार होतं?

कॅम्प_बेळगाव
मोबाईलचा मुद्दा आणि ताईंचा मुद्दा, दोन्ही मान्य. 'एखाद्या वर्षी' हा शब्द मी मागे घेतो. पण मलप्रभाकाठ, तुमचा मत्तय 6 मला पटत नाही. त्याच डोंगरावरच्या प्रवचनात एक अध्याय आधी प्रभू म्हणतो, तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या, त्यांनी तुमची चांगली कामं बघून पित्याचा गौरव करावा. म्हणजे दिसणं वर्ज्य नाही. गौरव कुणाच्या खात्यात जातो ते बघायचं. मिरजेला 1894 साली वॉनलेस मिशन रुग्णालय उभं राहिलं ते काही लपून राहिलं नव्हतं.

मलप्रभाकाठ
मिरजेचं उदाहरण माझ्या बाजूनं जातं. तिथे वर्षाचे बाराही महिने खाटा भरलेल्या असायच्या, म्हणून ते नाव टिकलं. विधी वेदीपुढेच राहू दे. वसाहतीत जायचं तर गुरुवारचं नाव न घेता आठवड्याला दोघांनीच जावं, फोटो नाही, बॅनर नाही. गरिबांना मदत करणारी सेंट व्हिन्सेंट डी पॉलची कॅथलिक मंडळं 1833 पासून दोघादोघांनी घरोघर जातात आणि बैठकीत पिशवी फिरवून गुप्तपणे वर्गणी जमवतात. कुणी किती टाकलं ते शेजाऱ्यालाही कळत नाही. ही पद्धत तयार आहे, नवी शोधायला नको.

परिचारिका_निपाणी
दोघं जाणार असाल तर एकाला कन्नड यायलाच हवं. आणि पहिल्या महिन्यात पाय तुम्ही धुवा, दुसऱ्या महिन्यापासून त्यांना स्वतः धुवायला लावा, तुम्ही शेजारी बसून फक्त बघा. तळवा दिसत नसेल तर हातात छोटा आरसा द्या. तिसऱ्या महिन्यात तुमच्यावाचून चाललं तर काम बरोबर झालं. तिथेच बऱ्याच जणांचा उत्साह संपतो, हेही आधी धरून चाला.