'मतिमंद' शिवी कधी झाला? आणि त्याच्या जागी काय लिहायचं?

खाडाखोड
पालकांसाठीच्या एका माहितीपुस्तिकेचं मुद्रितशोधन हातात आहे. जुन्या आवृत्तीत 'मतिमंद', 'मूकबधिर', 'ऑटिझमग्रस्त' पानोपानी आहेत. बदलायचे हे नक्की. पण हे शब्द शास्त्रीय म्हणूनच आले होते ना? मग बिघडले कसे? आणि आज घातलेला शब्दही पुढे बिघडणारच असेल, तर हा खटाटोप कशाला? जाता जाता: फाइंड-रिप्लेसने भागेल की वाक्य न् वाक्य बघावं लागेल?

तळटीप
बिघडण्याची प्रक्रिया इंग्रजीत तारीखवार सापडते, म्हणून तिथून सुरुवात करतो. 'इडियट', 'इंबेसाइल' आणि 'मोरॉन' या एकेकाळी निदानाच्या पायऱ्या होत्या. मानसिक वय तीनच्या खाली असेल तर इडियट, तीन ते सात इंबेसाइल, आठ ते बारा मोरॉन. यातला तिसरा हेन्री गॉडार्ड या मानसशास्त्रज्ञाने १९१० साली ग्रीक 'मोरोस'वरून घडवला. म्हणजे तो बाजारातून दवाखान्यात आला नाही, दवाखान्यातून बाजारात गेला.

या क्षेत्रातल्या एका जुन्या अमेरिकन संघटनेच्या नुसत्या पाट्या वाचा. १८७६ साली नावात 'इडियॉटिक' आणि 'फीबल-माइंडेड' दोन्ही. १९०६ मध्ये इडियॉटिक गेलं. १९३३ मध्ये 'मेंटल डेफिशियन्सी', १९८७ मध्ये 'मेंटल रिटार्डेशन', २००७ मध्ये 'इंटेलेक्च्युअल अँड डेव्हलपमेंटल डिसॅबिलिटीज'. 'रिटार्डेशन'चा मूळ अर्थ नुसता मंदावणं, उशीर होणं. आधीच्या शब्दांच्या मानाने मवाळच. २०१० मध्ये मात्र अमेरिकेला तो केंद्रीय कायद्यांतून काढण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला.

मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकरने या चक्राला 'युफेमिझम ट्रेडमिल' म्हटलं. मराठीत रहाटगाडगं म्हणा.

शब्द बिघडतो तो ज्याला अपंगत्व नाही अशा माणसावर फेकला जाऊ लागला की. गणित चुकलेल्या मुलाला 'मतिमंद' म्हटलं, की तो शब्द निदान राहत नाही, मोजपट्टी होते, आणि त्या पट्टीच्या तळाशी खरा मतिमंद मुलगा बसवलेला असतो. मग डॉक्टर शब्द सोडतात. इथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते: त्यांनी सोडल्यावर शब्द आणखी वेगाने घसरतो, कारण त्याला सरळ अर्थाने वापरणारं कुणी उरत नाही. 'इडियट' ऐकून आज कुणाला निदान आठवतं?

अर्धविराम
तळटीप, इंग्रजीचं पटलं. मराठीचं घर मात्र दुमजली आहे. अंध–आंधळा, बधिर–बहिरा, मूक–मुका, पंगू–पांगळा. प्रत्येक जोडीत शब्द एकच, फक्त एक संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला आणि दुसरा बोलण्यात झिजलेला. झिजलेला तोंडावर म्हटला तर अपमान, न झिजलेला शाळेच्या पाटीवर. म्हणजे अपमान अर्थात नाही, मजल्यात आहे. आपण नवा शब्द शोधत नाही, वरच्या मजल्यावरून त्याचाच आजोबा खाली आणतो.

आणि वरचा मजलाही काही सोवळा नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात (श्लोक २०१) वारसाहक्क नाकारलेल्यांची यादी आहे: जन्मांध, बधिर, उन्मत्त, जड, मूक. हे तेव्हाचे कायद्याचे शब्द, आणि प्रत्येकाची किंमत जमिनीच्या वाट्यात मोजलेली. हिंदू वारसाहक्काच्या १९२८च्या कायद्याने ही अट बहुतेकांसाठी उठली, तरी जन्मापासून 'ल्युनॅटिक' किंवा 'इडियट' असलेले वगळलेलेच राहिले. पूर्ण निकाल १९५६च्या हिंदू वारसा कायद्यातल्या कलम २८ने लागला. शब्दाला वास येतो तो असा, नुसता शाळेच्या मैदानावर नाही.

'मतिमंद' शास्त्रीय म्हणून आला, हेही अर्धंच खरं. मंदमती, मंदबुद्धी हे आधीपासून होतेच. पोथीच्या आरंभी कवी नम्रपणे स्वतःला मंदमती म्हणवून घेतो. आपण ते उलटं करून निदानाला चिकटवलं. तो जन्मतःच अर्धी शिवी होता.

अवांतर: शब्द वरही चढतात. 'वेडा' बघा. 'वेडी कुठली!' यात माया असते, आणि 'गाण्याचं वेड' हा तर गुण. पण 'मनोरुग्ण' त्याच काळात बातम्यांमध्ये गुन्हेगारासाठी सरसकट वापरला जातो. घडवलेला सभ्य शब्द खाली गेला आणि रांगडा वर आला.

काना_मात्रा
आता कामाचं. फाइंड-रिप्लेस आंधळेपणाने, चुकलो, डोळे झाकून करू नका. 'अंध'च्या जागी 'दृष्टिहीन' टाकलंत तर 'अंधार'चा 'दृष्टिहीनार' होतो, अंधश्रद्धेचं तर विचारूच नका. 'मुका' शोधलात तर मुकादम, मुकाबला आणि मुकाट्याने सगळे सापडतात. 'मतिमंद'ची अडचण वेगळी. तो नाम म्हणूनही येतो आणि विशेषण म्हणूनही, त्यामुळे 'मतिमंदांसाठी'च्या जागी 'बौद्धिक अक्षमतांसाठी' असं बसतं आणि माणूसच गायब होतो. तिथे 'बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी' हाताने लिहावं लागतं. शोध फक्त यादी काढायला वापरा, बदल एकेक करा.

बदलताना:

'मूकबधिर' → 'कर्णबधिर'. हा नुसता शिष्टाचार नाही, चूक दुरुस्त होते. ऐकू न येणाऱ्या बहुतेकांचा आवाज शाबूत असतो.

'-ग्रस्त', '-पीडित' काढा. 'ऑटिझम असलेलं मूल' किंवा 'ऑटिस्टिक मूल'. अनेक ऑटिस्टिक प्रौढ दुसरा पर्याय पसंत करतात. 'स्वमग्न' रूढ आहे, पण जपून: रोजच्या मराठीत स्वमग्न म्हणजे स्वतःतच रमलेला, दुसऱ्याची फिकीर नसलेला. निदानाच्या नावात स्वभावावरचा शेरा आला. माझ्या मते रहाटाचं पुढचं गाडगं हेच.

'गतिमंद'कडे वळू नका, ते मतिमंदाचंच भावंड. आणि बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१६च्या अपंग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत त्या वेगळ्या मोजल्यात. १९९५च्या कायद्यात सातच प्रकार होते आणि तिथे 'मेंटल रिटार्डेशन' होतं, तुमची जुनी आवृत्ती त्याच भाषेतली दिसते.

कायद्यांची जुनी नावं आणि अवतरणं बदलू नका. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या शीर्षकात 'मेंटल रिटार्डेशन' आहे, ते तसंच द्या.

तळटीप
अर्धविराम, मजल्यांचा मुद्दा मान्य. मग 'दिव्यांग' कुठल्या मजल्यावर? डिसेंबर २०१५मध्ये पंतप्रधानांनी सुचवला आणि सरकारी पाट्यांवर पोचला. तो तर थेट गच्चीवर.

अर्धविराम
गच्चीवरच, आणि तिथून ढकलणं सोपं. ठेच लागलेल्याला थट्टेने 'दिव्यांग' म्हणणं ऐकू येतंच. चळवळीतल्या अनेकांचा आक्षेप वेगळा आहे: व्हीलचेअरसाठी उतार मागितला तर दिव्यत्व मिळालं. योजनेचं किंवा विभागाचं अधिकृत नाव असेल तिथे ठेवा, बाकी मजकुरात 'अपंगत्व असलेली व्यक्ती' पुरे.

खाडाखोड
सगळ्यांचे आभार. पण 'कशाला' हे राहिलं. आणि 'लंगडी सबब', 'बहिरं प्रशासन' यांचं काय करू?

काना_मात्रा
'कशाला'चं उत्तर: पुस्तिका आज वाचणाऱ्या आईसाठी आहे. आज तो शब्द तिच्या मुलाला चिडवायला वापरतात. पुढच्या आवृत्तीत पुन्हा बदला. शिवाय २०१६च्या कायद्याच्या कलम ९२खाली अपंग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान केला तर किमान सहा महिने, कमाल पाच वर्षं कैद आणि दंड आहे. तुमच्या छापील शब्दाला ते लागणार नाही, पण शब्दाचं वजन कळावं.

वाक्प्रचारांसाठी मराठीत सोय आहे. प्रशासन बहिरं नसतं, ते कानाडोळा करतं, कानांवर हात ठेवतं. आंधळा विश्वास नको, 'डोळे झाकून ठेवलेला' लिहा. हे जास्त अचूकही आहे, कारण डोळे झाकणं हा निर्णय असतो, आंधळं असणं नसतो. सबब तकलादू म्हणा. 'वासरात लंगडी गाय शहाणी' पुस्तिकेत येणार नाही, आली तर कापा. खेळातल्या लंगडीला हात लावू नका, ते एका पायावर उड्या मारण्याचं साधं वर्णन आहे, कुणावरचा शेरा नाही.