चांदीच्या करदोड्याले चुंबक लागते काय?

पऱ्हाटीवाला:
मागच्या हप्त्यात बाबांचा कमरेचा एमआरआय केला. पहाटेच्या एसटीनं यवतमाळ गाठलं. आत जायच्या आधी चाव्या, अडकित्ता, चुन्याची डबी काढून ठेवली, ते समजलं. पण चांदीचा करदोडाही काढा म्हणाले. लग्नापासून अंगावर, फासा निघेना. बाबा अडून बसले, "चांदीले कुठं चुंबक लागते रे?" शेवटी पकडीनं तोडला. चुंबक लागत नाही तर काढायचा कशाले? एक्स-रे नाही म्हणतात, मग फोटो कशाचा? अन् आत थ्रेशरसारखा खडखडाट कशाचा?

वाइंडिंगभाऊ:
मी मोटरी भरतो, म्हणून खडखडाटाचं सांगतो. चुंबकात ठेवलेल्या तारेत करंट सोडला की तिला धक्का बसतो, मोटर फिरते ती त्यावरच. तिथल्या कॉइली घट्ट बसवलेल्या, फिरायला वाव नाही, म्हणून करंट चालू-बंद झाला की थरथरतात. पण एवढं मोठं चुंबक तांब्याच्या तारेवर कसं चालवत असतील? आमच्याकडं तर दोन फेजवर मोटर चालली तरी वाइंडिंग जळते.

स्कॅनरूम:
अकरा वर्षं याच मशीनवर आहे. बाबांचं बरोबर आहे भाऊ, चांदी ओढली जात नाही. अडकित्ता मात्र हातातून सुटून गोळीसारखा जातो.

अंगात पाणी अन् चरबी, दोन्हीत हायड्रोजन. त्याचा अणुगर्भ म्हणजे इवलंसं चुंबक. १.५ टेस्लाच्या मशीनमध्ये, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजारांहून जास्त पट ताकदीत, हे गर्भ भोवऱ्यासारखे डुलतात, सेकंदाला सुमारे ६.४ कोटी वेळा. नेमक्या त्याच लयीची रेडिओ लहर सोडली की ते कलतात, अन् ती बंद झाली की स्वतःच तसाच बारीक सिग्नल देतात. फोटो त्या सिग्नलचा. १० लाखांत जेमतेम पाचेक गर्भच जास्तीचे चुंबकाच्या बाजूनं असतात, पण थेंबभर पाण्यातही गर्भांची मोजदाद नाही, म्हणून भागतं. एफएमच्या जरा खालचीच ही लहर, बाहेरचा रेडिओ आत शिरू नये म्हणून खोलीला तांब्याचे पत्रे असतात.

आता करदोडा. कमरेभोवती बंद कडं, तेही चांदीचं, म्हणजे वीज वाहून न्यायला सगळ्यात चांगला धातू. रेडिओ लहरीनं त्यात करंट उठतो, तापतो, कातडी भाजू शकते. शिवाय फोटोही तिथंच बिघडतो, अन् आपल्याला पाहायची होती कमरच.

वाइंडिंगभाऊंनी सांगितलेल्या कॉइली चुंबकाची ताकद जागोजागी थोडी कमीजास्त करतात. मग प्रत्येक जागेची लय वेगळी. अंधारात घाटीच्या आवाजावरून कोणता बैल कुठं आहे ते कळतं ना, तसं.

मोठ्या चुंबकाची तार तांब्याची नाही, नायोबियम-टायटॅनियम या मिश्रधातूची, उणे २६९ अंशाच्या द्रव हेलियममध्ये बुडवलेली. तिथं तारेचा करंटला विरोध शून्य. एकदा करंट भरला की फिरतच राहतो. लाइट गेली तरी चुंबक चालूच, म्हणून रात्री झाडू मारणाऱ्यालाही लोखंडी बादली आत नेऊ देत नाही.

वाइंडिंगभाऊ:
विरोध शून्य! आमचा धंदाच बसला की.

पऱ्हाटीवाला:
रिपोर्टात मणक्यामधली एक गादी काळी लिहिली आहे. घाबरायचं काय?

स्कॅनरूम:
काही फोटोंत पाणी पांढरं दिसतं. गादीतलं पाणी आटलं की ती काळी दिसते. वयानं बहुतेकांची होते. दुखणं त्याचंच की नाही, ते डॉक्टर सांगतील.

पऱ्हाटीवाला:
बाबांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी एवढंच धरलं, "म्हंजे चांदीले चुंबक लागतच नाही, माहंच खरं." करदोडा सोनाराकडं दिलाय. फासा नको, हूक लाव म्हणालो.