आईला लूर्दला न्यावं की नागासाकीला?

वसईकरीण: आईची सत्तरी झाली, म्हणून आम्ही भावंडांनी तिला परदेशी तीर्थयात्रेला न्यायचं ठरवलं. आमच्या धर्मग्रामातले (पॅरिशमधले) लोक टूरबरोबर लूर्द-फातिमा, म्हणजे फ्रान्स-पोर्तुगालमधली मारियामातेची तीर्थं, नाहीतर येशूच्या पवित्र भूमीला जातात. आईला मात्र नागासाकीच हवंय, संत गोन्सालो गार्सियासाठी. "आपल्या वसईचा पोरगा तिकडे क्रुसावर गेला, त्याला एकदा तरी भेटायला नको?" ५ फेब्रुवारी १५९७ ला तिथल्या निशिझाका टेकडीवर २६ ख्रिस्ती लोकांना मारलं, त्यांतला तो एक. आईला त्याच तारखेला पोचायचंय! मला तिच्या गुडघ्यांची आणि थंडीची धास्ती. भाऊ म्हणतो, तेवढ्या पैशात लूर्द आणि फातिमा दोन्ही होईल. तिथे प्रार्थनेसारखं काही आहे, की तासाभरात आटोपतं?

पापडीचे अंकल: लूर्दला आजाऱ्यांची सवय आहे बाय, स्वयंसेवक खुर्चीत बसवून गुहेपर्यंत नेतात. जपानात कोण विचारणार? या वयात सोय बघावी.

भटक्या_बॅप्टिस्ट: मी जाऊन आलोय. निशिझाका नागासाकी स्टेशनजवळच आहे. थोडा चढ आहे, पण टॅक्सी करा. २६ हुतात्म्यांचे ब्राँझचे पुतळे एका रांगेत आहेत, मागे संग्रहालय. त्यांना संत घोषित केलं १८६२ मध्ये, स्मारक झालं शंभर वर्षांनी. गोन्सालो कुठला ते आधी फोटोत बघून ठेवा. गुडघ्यांची खरी परीक्षा ओउरा चर्चच्या पायऱ्यांवर. तरी चुकवू नका: अडीचशे वर्षं लपूनछपून श्रद्धा जपलेले ख्रिस्ती १८६५ मध्ये तिथेच फ्रेंच फादरांपुढे उघड झाले. उराकामीचं कॅथेड्रल अणुबॉम्बने उद्ध्वस्त झालं होतं, ते पुन्हा बांधलंय. दोन दिवस सहज जातात. फुकुओकाहून रेल्वेने जा, वाटेत ताकेओ-ओन्सेनला गाडी बदलावी लागते. मिस्सा (चर्चमधली उपासना) जपानीत असते. जेवणाची काळजी सोडा, मासे-भात खाणारी माणसं आपण.

वसईकरीण: आईला सगळं वाचून दाखवलं. अंकल, तुमच्यावर तिचं उत्तर: "लूर्दमाता आमच्या अंगणात आहे, रोज भेटते. आणि गोन्सालोला कान कापून क्योटोपासून ऐन थंडीत चालवत नेलं, मी तर टॅक्सीने जाणार." भाऊ गप्प झाला. स्मारकापाशी मराठीत मिस्सा करता येईल का, हे आमच्या फादरांना विचारलंय. तेच बरोबर आले तर सोन्याहून पिवळं. आता पहिलं काम पासपोर्टचं. बाईंनी अजून काढलेलाच नाही.