राजापूरच्या मुलीची फी: आधी भरायची की ती हजर झाल्यावर?

प्रेषक: शिष्यवृत्ती उपसमिती

नमस्कार मंडळी,

शुक्रवारच्या आत उत्तर हवे आहे. राजापूरच्या मुलीची इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठाची ऑफर पक्की झाली, म्युझियम स्टडीज, एम.ए. रक्कम गेल्या बैठकीत मंजूर झालेलीच आहे, ती चर्चा परत नको. अडचण आपल्या नियमाची आहे. विद्यार्थ्याने इथे ब्रिटनमध्ये येऊन नाव नोंदवल्यावरच पैसे द्यायचे, असे त्यात लिहिले आहे. पण व्हिसासाठी पैसे आधी दाखवावे लागतात. उरलेली फी, शिवाय लंडनबाहेर राहण्याखाण्याचे दरमहा अकराशे पौंडांच्या वर, असे नऊ महिन्यांचे, आणि तेही सलग २८ दिवस खात्यात पडून राहिलेले. तिच्या वडिलांची थोडी कलमं आणि काजू आहेत. ते कुठून दाखवणार?

आपल्या मंडळाचे हमीपत्र व्हिसाला चालत नाही. स्पॉन्सर म्हणून सरकार, विद्यापीठ, ब्रिटिश कौन्सिल, आंतरराष्ट्रीय संस्था-कंपन्या, अशांनाच ते धरतात.

प्रेषक: खजिनदार

तो नियम का केला ते जुन्या सभासदांना माहीत आहे. मागे एका विद्यार्थ्याचा व्हिसा नाकारला गेला आणि आगाऊ दिलेले पैसे परत मिळवता मिळवता आमचे वर्ष गेले. ही देणगीची रक्कम आहे, त्यावर गिफ्ट एड (देणगीवर सरकारकडून मिळणारी कराची रक्कम) घेतलेला आहे, उद्या हिशेब विचारला तर सही माझी असते. आगाऊ पैसे द्यायला माझा विरोध आहे. मुलीला नाही, कृपया तसा अर्थ काढू नये.

प्रेषक: गुहागरचे काका

मी इथे गावी बसून वाचतोय, म्हणून सुचवतो. पैसे रत्नागिरीतल्या एखाद्या चांगल्या ट्रस्टकडे पाठवा, ते मुलीच्या खात्यात ठेवतील, २८ दिवस झाले की काम झाले. चार ट्रस्टींना मी स्वतः ओळखतो, उद्या जाऊन बोलतो.

प्रेषक: माजी सचिव

काका, कृपया जाऊ नका, तसे जमणार नाही. भारतातल्या संस्थेला बाहेरची देणगी घ्यायची तर एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी लागते आणि पैसे आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. नोंदणी असलेल्या संस्थेने घेऊन तिथल्या छोट्या संस्थेला द्यायचे, हा मार्गही २०२०च्या दुरुस्तीने बंद झाला. ओळखीच्या भल्या माणसांना अडचणीत टाकू नये.

प्रेषक: कार्यकारिणी सदस्य (क्रीडा)

मला मुळातच विचारायचे आहे. तिने सरकारी शिष्यवृत्ती का घेतली नाही? आणि हा विषय घेऊन पुढे नोकरी कुठे? आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या मुलांचेही अर्ज आहेत.

प्रेषक: मूळ राजापूर, सध्या लीड्स

दोन्हींची उत्तरे देतो, जरा लांब होईल.

केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याची परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. २०२२मध्ये तिच्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास यांवरचे विषयच वगळले. म्हणजे चितारी नाहीतर बुरूड घरातल्या मुलाला वारशाचेच शिकायला बाहेर जायचे असेल, तर त्याला तो दरवाजा बंद. टाटा एन्डाउमेंट आहे, पण ते कर्ज आहे, फेडावे लागते. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. या मुलीचे तेवढे अजून भरत नाहीत.

आता काम काय? राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, या. सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती जांभ्यात कोरलाय, आणि त्याच्या पोटात कितीतरी लहान प्राणी. २०२२मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, तेव्हापासून गाड्या येतात. बरीचशी शिल्पं खाजगी जमिनीत आहेत. मालकाला तिथे काजू लावायचा असतो किंवा चिरेखाणीला जागा द्यायची असते. वाडीतली म्हातारी माणसं म्हणतात हे पांडवांचं काम. अभ्यासक वेगळं सांगतात. पर्यटक बूट घालून थेट चित्रावर उभा राहतो. या सगळ्यांशी रोज बोलायचे, म्हाताऱ्यांना खोटे न पाडता शाळेच्या पोरांना दगडी हत्याराबद्दल सांगायचे, मालकाला भोवती गडगा (दगडी बांध) घालायला राजी करायचे, हे काम ती मुलगी तिथे करते आहे. पदरमोड करून. पावसाळ्यात सड्यावर गवत उगवते तेव्हा साफसफाईलाही तीच. लेस्टरला १९६६पासून हा विभाग आहे. लोक आणि वारसा यांच्यामध्ये उभे राहणाऱ्या माणसाचे काम तिथे नीट शिकवतात.

नोकरीचे म्हणाल तर विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग २०२५मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. तिथे अशी माणसे लागणार नाहीत का? आपल्याच जिल्ह्यातली नसतील तर बाहेरून येतील आणि आपल्या लोकांना आपलाच किल्ला समजावून सांगतील. मला ते बघायचे नाही.

प्रेषक: देवगडच्या वहिनी

विजयदुर्ग म्हटल्यावर राहवले नाही, आमचे गावचे घर त्या खाडीलाच आहे. राजापूरच्या भाऊंनी लिहिले ते अगदी खरे. पिंगुळीला परशुराम गंगावण्यांनी गुरांच्या गोठ्यात चित्रकथी (चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला) आणि बाहुल्यांचे संग्रहालय उभे केले, २०२१ला पद्मश्री मिळाली. तिथे पुढची पिढी तयार आहे, तिलाही असे शिक्षण मिळायला हवे. दशावतार, नमन-खेळे करणाऱ्या मुलांसाठी कोरिओमुंडस म्हणून नृत्याच्या वारशाचा, युरोपीय संघाच्या इरास्मस योजनेतला जोड-अभ्यासक्रम आहे, क्लेरमाँ, ट्रोन्डहाइम, सेगेद आणि लंडन अशा चार ठिकाणी. शिष्यवृत्तीसाठी निवड झाली तर महिना १,४०० युरो मिळतात. माझ्या भाच्याने दशावतारात संकासुर केलाय, त्याला सांगितले आहे. ह्या मुलीला माझ्या इथल्या घरी राहू दे, वरची खोली रिकामीच आहे, म्हणजे राहण्याचा खर्च व्हिसात दाखवायलाच नको.

प्रेषक: निवास उपसमिती

वहिनी, खोलीबद्दल मनापासून आभार. पण खोल्यांची यादी आमच्याकडून जाते, परस्पर ठरवले की दोन कुटुंबांत गोंधळ होतो, गेल्या गणपतीत झालाच. आणि कुणाच्या घरी फुकट राहिले तरी व्हिसाच्या हिशेबात तो खर्च वजा होत नाही. विद्यापीठाच्या वसतिगृहाला आगाऊ भरलेली रक्कमच धरतात, तीही ठरावीक मर्यादेपर्यंत.

प्रेषक: शिष्यवृत्ती उपसमिती

मग असे करू. आपली रक्कम मुलीच्या हातात नाही, तर फी म्हणून थेट विद्यापीठात भरायची. भरलेली फी तिच्या कॅसवर (व्हिसासाठी विद्यापीठ देते त्या प्रवेशाच्या दाखल्यावर) नोंदली जाते आणि दाखवायच्या रकमेतून तेवढी कमी होते. राहण्याखाण्यासाठी तिच्या नावावर बँकेचे शैक्षणिक कर्ज मंजूर होतेय, ते पत्र व्हिसाला चालते. व्हिसा नाकारला तर फी कुणाला आणि किती दिवसांत परत मिळते, हे विद्यापीठाकडून लेखी मागवते आहे. ते हातात आल्याशिवाय एक पौंडही जाणार नाही. खजिनदार, एवढ्यावर सही कराल का? नियम कायमचा बदलायचा तो वार्षिक सभेत बघू, आत्ता फक्त या एका प्रकरणापुरता ठराव.

प्रेषक: खजिनदार

परतावा आपल्या मंडळाच्या खात्यात, मुलीच्या नाही, असे त्या पत्रात असले तर करतो. पत्र आले की मला फोन करा, मेलवर थांबू नका. आणि राजापूरच्या भाऊ, त्या मुलीला सांगा की दुसऱ्या सत्रात तिने आपल्या शनिवारच्या मराठी शाळेतल्या मुलांना कातळशिल्पं दाखवायला यायचे आहे. तारीख मी शाळेशी बोलून ठरवतो.